फियाटची पुढची सीट

माझं लायसन्स सत्तावीस डिसेंबर दोन हजार सहाला संपणार होतं, आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये आमच्या घरातले दोन शहाणे गाडीच्या मीटरचे मूळचे काटे ठेवावेत की नवे बसवावेत यावर भांडत होते. भांडा म्हटलं. तुमचं काय जातंय, दिवस माझे जातायत.

शहाणा क्रमांक एक म्हणजे आमचे हे, धोंडिबा ओव्हाळ. छत्तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, त्यातली शेवटची पंधरा इन्स्पेक्टर म्हणून. दुसरा शहाणा आमचा मुलगा प्रज्ञेश. हिंजवडीच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला सातदा समजावलंय आणि मी सातदा मान हलवलीय. आणि गाडी म्हणजे सहासष्ट सालची फियाट. ती आम्ही ब्याऐंशीत कॅम्पातल्या एका पारशी डॉक्टरांकडून घेतली. कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या आमच्या ओळीत तोवर कोणाकडे स्कूटरसुद्धा नव्हती. पोरं नुसती हात लावायला यायची.

पंच्याण्णवात ती बंद पडली. ह्यांनी ताडपत्री घातली आणि म्हणाले, रिटायर झालो की बघू. तसे ते रिटायर झाले, आम्ही बोपोडीत फ्लॅट घेतला, खाली पत्र्याची शेड मारली आणि त्या दिवसापासून गाडी उघडली ती उघडलीच. प्रज्ञेशलाही खूळ लागलं. बाहेरून गाडी सहासष्टची दिसायला हवी आणि आतून आजची चालायला हवी, असा त्याचा हट्ट. रंग तोच, दिवे तेच, दारांच्या कड्यासुद्धा त्याच. पण आतून एका नव्या छोट्या गाडीचे ब्रेक, कोणाच्या नजरेस पडणार नाही असं लपवलेलं पॉवर स्टिअरिंग, कुठलंसं इलेक्ट्रॉनिक ठिणगीयंत्र. शनिवार-रविवार दोघं बाप-लेक शेडमध्ये आणि मी वर. चहा खाली पाठवायचा आणि कप वर येण्याची वाट बघायची.

आता माझ्या लायसन्सचं सांगते, कारण ते घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. चौऱ्याऐंशीत, सदतीस वर्षांची असताना, मी गाडी शिकले. ह्यांनीच शिकवली, क्वार्टर्समागच्या मैदानावर. चार फूट अकरा इंच उंची माझी. तेव्हा पुढे अख्खा बाकडा होता, तो खडखड करत पुढे सरकायचा, आणि मी पाठीशी उशी घेऊन बसायचे. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. तीन वर्षं मी चालवली. शाळेत नेली, बाजारात नेली, एकदा तर मुख्याध्यापिका सुशीलाबाईंना सासवडपर्यंत नेऊन आणलं. आणि सत्त्याऐंशीत एका संध्याकाळी क्वार्टर्सच्या फाटकाच्या खांबाला मडगार्ड घासलं. पुरीएवढा पोचा. माणूस नाही मेलं, कुत्रं नाही मेलं. हे तीन दिवस गुळणी धरून बसले आणि चौथ्या दिवसापासून किल्ली शर्टाच्या खिशात.

मी मागितली. नाही कधीच म्हणाले नाहीत हो. "पुढच्या रविवारी," म्हणायचे. दोन वर्षं मी पुढचे रविवार मोजले आणि मग मागणं सोडलं. मी का भीक मागू? तेव्हापासून मी मागे बसते. पण लायसन्स मी सोडलं नाही. पन्नाशीला नवं करून घेतलं, पंचावन्नला पुन्हा. शाळेला रजा टाकायची, आरटीओत रांगेत उभं राहायचं, डॉक्टरांची सही आणायची, आणि ते कार्ड शिवणाच्या डब्यात ठेवून द्यायचं. चालवायला गाडी नाही आणि लायसन्स मात्र ताजं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. ह्यांनी आपणहून किल्ली पुढे करावी एवढीच माझी इच्छा होती आणि ती मी मेले तरी बोलून दाखवणार नव्हते.

मार्चच्या शेवटी गाडी पहिल्यांदा सुरू झाली. मी वरून आवाज ऐकला आणि चपला घालून खाली धावले. प्रज्ञेश नाचत होता. हे मात्र बॉनेटवर कान टेकून उभे.

"पास?" मी विचारलं.

"खडखडतंय," हे म्हणाले.

"अहो, चाळीस वर्षांची आहे. मीही खडखडते."

"तू पण तपासून घे," असं म्हणून त्यांनी स्टिअरिंगला लाल चिठ्ठी बांधली. कारखान्यात ज्या मालात दोष असेल त्याला ती बांधायचे, मग तो माल कोणी हलवायचा नाही. दारूगोळ्यात ढिलं काही चालत नाही, हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. जे हलतं ते त्यांना सहन होत नाही. आमच्या देव्हाऱ्यातली, म्हणजे बाबासाहेब आणि बुद्धमूर्ती ठेवलीय त्या कपाटातली फळीसुद्धा त्यांनी चार स्क्रूंनी आवळून ठेवलीय. सोमवारी इंजिन पुन्हा खाली.

जूनमध्ये मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, वाचायचा चष्मा बदलायला म्हणून. त्यांनी एका यंत्रात डोकं घालायला लावलं आणि ठिपके दिसले की बटण दाबा म्हणाले. बराच वेळ मला ठिपका दिसलाच नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. औषधाचे थेंब देतो. समोरचं नीट दिसेल, पण कडेचं गेलंय थोडं, आणि गेलेलं परत येत नाही.

"मला गाडी चालवता येईल?" मी विचारलं.

"चालवता तुम्ही?"

"लायसन्स आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता दुसरा डोळा सांभाळून घेतोय. जपून, दिवसाउजेडी, थोडंफार. पण डिसेंबरनंतरच्या फॉर्मवर मी सही करीन असं धरून चालू नका."

घरी येऊन मी बसू शकले नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली. गॅलरीत गेले, आत आले, परत गेले. खाली शेडमध्ये हातोडीचा आवाज चालू होता. मला वाटलं, खाली जावं आणि ओरडावं: अरे, संपवा रे ते एकदाचं! पण तोंड उघडलं नाही. थेंबांची बाटली फ्रीजमध्ये भाजीच्या मागे ठेवली.

मी मनाशी दिवस ठरवला. पंचवीस डिसेंबर. बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली तो दिवस, त्या दिवशी आम्ही तिथल्या विहारात जातो, दरवर्षी. जुना मुंबई रस्ता, सरळ. त्या दिवशी मी चालवत न्यायची. इतकी वर्षं मागून बघितलेला रस्ता एकदा पुढून बघायचा. मग संपलं तरी चालेल.

पण नमनालाच घडाभर तेल जाळणारी ही माणसं! ऑगस्टमध्ये गाडी रेंजहिल्सपर्यंत जाऊन आली. मी पदर खोचला. "आई, वायरिंग परत करतोय, फक्त दोन वीकएंड," प्रज्ञेश म्हणाला. दोनाचे सहा झाले. ऑक्टोबरात वायरिंग झालं तर ह्यांना दारात फट दिसली. नोव्हेंबरात फट बुजली तर पोरगा म्हणे, सीट्स राहिल्यात. कसब्यातल्या एका जुन्या गादीवाल्याकडे ह्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. आणि शेडला आतून कडी. मी चहा घेऊन गेले तर ह्यांनी दार इंचभर उघडून कप आत घेतला.

"एवढं काय लपवताय?"

"कळेल."

माझा तर संतापच झाला. ह्या दोघांना गाडी पुरी करायचीच नव्हती. पुरी झाली की रविवारी करणार काय? मी रात्र रात्र कूस बदलायची आणि हे शेजारी घोरायचे. सकाळी उठून कॅलेंडरकडे बघायचं नाही म्हणायचे आणि पहिलं तेच बघायचे.

चोवीस डिसेंबरला दुपारी चार वाजता शेड उघडली. आम्हाला खाली बोलावलं, मला आणि सुनेला, निकिताला. गाडी उभी होती. खरं सांगते, मी सगळा राग विसरले. तोच दुधी रंग, तीच चकचकीत पट्टी. आत बघितलं तर पुढे बाकड्याच्या जागी दोन वेगळ्या सीटा, पण शिवण अशी की जुना बाकडाच वाटावा. हे पुढे झाले आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

"बस," मला म्हणाले.

मी बसले. आणि काय सांगू, अशी मी आयुष्यात कशावरच बसले नव्हते. पाठीला जिथे दुखतं नेमका तिथे उंचवटा. पाय अधांतरी लोंबायचे नाहीत म्हणून खाली गादीचा पाट. मानेला आधार. डोक्याच्या बाजूला छोटा दिवा, पुस्तक वाचायला. खिडकीतून ऊन येऊ नये म्हणून पडदी.

"तीन आठवडे बाबा फक्त याच्यावर होते," प्रज्ञेश म्हणाला. "रजिस्टर दाखवा ना, बाबा."

ह्यांनी रजिस्टर उघडलं. काळ्या कापडी बांधणीचं, कारखान्यात असायचं तसलं. 'मागची सीट' असं वर लिहून खाली माझं माप: गुडघ्याची उंची, पाठीची लांबी, खांद्यापासून मानेपर्यंत. अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत.

"कधी घेतलंत हे?"

"तू टीव्ही बघताना. झोपलीस तेव्हा थोडं." आणि लाजले हो. त्रेसष्ट वर्षांचा माणूस लाजला.

मी पान उलटलं. 'पुढची सीट, चालक.' खाली तीन नावं. धोंडिबा. प्रज्ञेश. निकिता. निकिताचंसुद्धा, जिला सायकल येत नाही.

मी उतरले. पुढचं दार उघडलं आणि स्टिअरिंगसमोर जाऊन बसले. पाय लांब केला. क्लचपर्यंत पोचला नाही. अजून खाली सरकले, तरी चार बोटं उरलीच. सीटखाली हात घालून दांडी शोधली, पुढे सरकवायची. दांडी नव्हती.

"सरकत नाही ती," हे म्हणाले. "रूळ खडखडत होते. वेल्डिंग करून टाकलं. आता बघ, हलवून बघ, केसभर प्ले नाही."

"मला पाय पोचत नाही."

"तुला कशाला पोचायला हवाय?"

त्यांनी हे वाईट बुद्धीने नाही विचारलं. खरंच विचारलं. म्हणून तर मला ते असं लागलं की मी उठून वर गेले, शिवणाचा डबा आणला आणि कार्ड ह्यांच्या हातावर आपटलं.

इन्स्पेक्टर माणूस. आधी तारखा वाचल्या. चौऱ्याऐंशी. शहाण्णव. दोन हजार एक. सत्तावीस डिसेंबर दोन हजार सहा. परत पहिल्यापासून वाचल्या.

"तू नवं करत होतीस?"

"दोनदा."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? मला गाडी चालवायची होती म्हणून! एकोणीस वर्षं! पुरीएवढा पोचा आला होता धोंडिबा ओव्हाळ, पुरीएवढा! तुम्ही माझ्या मानेचं माप घेतलंत झोपेत, आणि एकदा, एकदा तोंडाने विचारवलं नाही, प्रेमला, तुला कुठे बसायचंय?"

मी त्यांना नावाने हाक मारली होती, सुनेसमोर. निकिता जमिनीकडे बघत राहिली. प्रज्ञेश पुटपुटला, "आई, आपण नवे रूळ टाकू ना. आठ दिवसांत होईल."

"माझ्याकडे तीन आहेत."

ह्यांनी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं, मग काय वाटलं कोण जाणे, काढून मला परत दिलं. मला वाटलं, झालं, पुन्हा गुळणी. मी वर निघून गेले आणि जेवले नाही. उपाशी माणसाला झोप येत नाही. त्यात खालून कसले कसले आवाज.

सकाळी पांढरी साडी नेसून खाली आले. पुढच्या सीटवर पाठीला जाड गादी आणि बसायला एक. मागे बघितलं तर माझी ती सीट फाडलेली. ब्लेडने शिवण उसवून तिचं पोट काढलं होतं आणि नुसत्या लोखंडी पट्ट्या उरल्या होत्या. तीन आठवड्यांचं काम. हे शेजारी उभे, डोळे तांबारलेले.

"पाय टाकून बघ," म्हणाले.

टाकला. क्लच तळापर्यंत गेला.

त्यांनी किल्ली पुढे केली. आपणहून. मी घेतली. मागे बसायला जागा नव्हती म्हणून पोरं मोटरसायकलवर पुढे गेली, आणि हे डावीकडे येऊन बसले.

दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. हॅरिस पुलावर मी तिसऱ्या गिअरमध्ये होते. स्टिअरिंग इतकं हलकं की मला आधी भीतीच वाटली, मग हसायलाच यायला लागलं. दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी. रस्ता जागोजाग खणलेला, टेम्पोवाले कानाशी बोंबलतायत, निळे झेंडे लावलेल्या जीपा 'जय भीम' करत पुढे जातायत, आणि मी मध्यातून चाललेय. हे उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते, पण तोंडातून शब्द नाही. पिंपरीच्या पुढे म्हणाले, "हात बरा आहे तुझा अजून." साठाव्या वर्षी मला कोणी पहिला नंबर दिला असता तरी एवढं बरं वाटलं नसतं.

चिंचवडच्या पुढे मी जरा डावीकडे घेतली. रस्ता रिकामा होता. मला रिकामा दिसत होता.

"प्रेमला!"

मी ब्रेकवर उभीच राहिले. प्रज्ञेशचे ते ब्रेक, गाडी जागच्या जागी थांबली. बॉनेटपासून हातभर अंतरावर एक सायकलवाला कलंडलेला, आणि त्याच्या कॅरिअरवर पांढऱ्या फ्रॉकातली चार-पाच वर्षांची पोर. काही झालं नव्हतं. ती रडलीसुद्धा नाही, माझ्याकडे नुसती बघत राहिली. बाप दोन शिव्या देऊन सायकल सावरून निघून गेला. दिल्या तेवढ्या शिव्या कमीच होत्या.

मी गाडी कडेला घेतली.

"दिसला नाही?" हे म्हणाले. "केव्हाचा होता तो."

"नाही दिसला. डावीकडचं दिसत नाही मला. काचबिंदू आहे. जूनपासून माहितेय."

ते माझ्याकडे वळले. "जूनपासून? आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर किल्ली दिली असतीत?"

ते पुन्हा समोर वळले. मग म्हणाले, "नसती दिली." खोटं बोलता आलं असतं, बोलले नाहीत.

मी इंजिन बंद केलं. अजून दोन दिवस होते माझ्याकडे, कायद्याने. त्या पोरीचा फ्रॉक डोळ्यांपुढून हलत नव्हता. किल्ली काढली आणि ह्यांच्या हातात ठेवली.

"या वेळी तुम्ही घेतलेली नाही," मी म्हटलं. "मी दिलीय. नीट लक्षात ठेवा."

"ठेवतो," ते म्हणाले.

आम्ही जागा बदलल्या. पावणेसहा फुटांचा माणूस त्या दोन गाद्यांपुढे कसाबसा शिरला. गुडघे स्टिअरिंगला टेकलेले, डोकं छपराला, हनुवटी पार काचेपाशी.

"अहो, काढा त्या गाद्या. मागे टाका."

"राहू दे."

"देहूरोडपर्यंत असे जाणार?"

"राहू दे म्हटलं ना."

मी खिडकीकडे तोंड करून रडले. रडले म्हणजे चांगली हुंदके देऊन रडले. वीस वर्षांचं होतं, एका साडीच्या पदरात मावणारं नव्हतं. त्यांनी गप्प बस म्हटलं नाही, गाडीही थांबवली नाही. आखडलेल्या पायांनी क्लच दाबत, दर गिअरला कण्हत चालवत राहिले. निगडीच्या सिग्नलला शेजारी एक रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाल्याने आत वाकून बघितलं आणि खो खो हसला.

"काका, सीट मागं घ्या की जरा! मोडाल ना!"

ह्यांनी मान वळवली नाही, वळवायला जागाच नव्हती.

"मला हात लावायचा अधिकार नाही," ते म्हणाले. "गाडी बाईंची आहे."